आज सुट्टी का?

बुधवार, रात्रीचे साडेअकरा.

आज सकाळी अकराच्या सुमारास कटिंगला गेलो. खुर्चीत बसल्यावर भाऊंनी गळ्याभोवती कापड गुंडाळले, डोक्यावर पाण्याचा फवारा मारला आणि आरशातून माझ्याकडे पाहत सहज विचारले, "आज सुट्टी का साहेब?" मी म्हणालो, "हो, सुट्टी." घडले ते एवढेच. त्यानंतर दुपारचे जेवण झाले, एका कंपनीच्या एचआरशी वीस मिनिटे बोलणे झाले, संध्याकाळी चिरंजीवांचे भूमितीचे प्रमेय झाले, तरी ते दोन शब्द मनातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

खोटे बोललो याचे एवढे वाईट वाटण्याचे खरे तर कारण नाही. आज एकाहत्तरावा दिवस आहे आणि या एकाहत्तर दिवसांत मी याहून कितीतरी मोठी खोटी बोललो आहे. मुलाखतीत "बदल का हवा आहे?" असे विचारल्यावर नवे शिकण्याच्या ओढीबद्दल मी जे बोलतो ते ऐकून माझे मलाच भरून येते. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या काकांना मी सांगून ठेवले आहे की एक प्रोजेक्ट संपले असून दुसऱ्याची वाट पाहतो आहे, आणि ते वाक्य तर शब्दशः पाहिले तर खोटेही नाही. पण त्या प्रत्येक खोट्याला काही तरी उद्देश होता. भाऊंपुढे माझे काय जाणार होते? ते माझा अर्ज नाकारणार नव्हते, माझ्या गृहकर्जाचा हप्ता त्यांच्या दुकानातून कापला जात नव्हता आणि सासरवाडीकडे त्यांचे येणे-जाणे नाही. बारा वर्षे ज्या माणसाच्या हातात वस्तरा असताना मी डोळे मिटून मान वर करत आलो, त्याला "नोकरी गेली" एवढे सांगता येऊ नये?

बरे, मी हे लपवून ठेवले आहे असेही नाही. पहिल्याच आठवड्यात मी लिंक्डइनवर तीन परिच्छेदांचे निवेदन लिहिले होते, फोटोभोवती 'काम शोधतो आहे' असे सांगणारे ते हिरवे कडे लावून घेतले होते, आणि तीनशेहून अधिक लोकांनी त्यावर अंगठा, टाळ्या किंवा हृदय यांपैकी काही तरी ठेवले होते. त्यांतले निम्मे लोक मला ओळखतही नसतील. त्यांच्यासमोर ज्याची लाज वाटली नाही, त्याची लाज तीन खुर्च्यांच्या सलूनमध्ये का वाटावी, याचा विचार करताना दुपारी एक गोष्ट लक्षात आली. ते निवेदन मी इंग्रजीत लिहिले होते. इंग्रजीत माझी नोकरी कधी गेलीच नाही. तिथे माझा 'रोल' 'इम्पॅक्ट' झाला. म्हणजे जे काही झाले ते त्या रोलला झाले आणि मी शेजारी उभा राहून पाहत होतो. मराठीत मात्र मी हे वाक्य अजून कुणापुढेही पूर्ण उच्चारलेले नाही. हिला सांगतानासुद्धा मी "झालं आज ते" एवढेच म्हणालो होतो आणि तिला ते कळले होते.

आणि मराठीत म्हणणार तरी काय? "नोकरी गेली" म्हटले की समोरचा माणूस "अरेरे, कधी?" असे अशा आवाजात विचारतो की जणू पुढचा प्रश्न दहाव्याचा असावा. "काढून टाकले" म्हटले की चहात पडलेली माशी डोळ्यांसमोर येते. "कमी केले" हा त्यातल्या त्यात सौम्य प्रयोग, पण तो आपल्याला माणसातून उचलून बेरीज-वजाबाकीत नेऊन बसवतो. "कपात" हा शब्द आमच्याकडे पाण्याला वापरतात. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झाले तेव्हा तीही तात्पुरतीच व्यवस्था म्हणून सांगितली गेली होती, आणि आता टाकी भरण्याचे दिवस आम्हाला पाठ झाले आहेत. या सगळ्यांपेक्षा "सुट्टी" बरी वाटली असेल. पण तीही किती फसवी आहे! 'त्याला सुट्टी आहे' आणि 'त्याची सुट्टी केली' यांतले अंतर पाहिले तर मी सकाळी खोटे बोललो की अर्धवट खरे, हेच ठरवता येत नाही.

लालबागच्या मामांची आठवण त्यावरूनच आली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे मी पुढे पुस्तकांतून वाचले. मे महिन्याच्या सुट्टीत मामांकडे जायचो तेव्हा मला एवढेच दिसत असे की ते दिवसा घरी असतात. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. "मामा, तुम्ही गिरणीत कधी जाणार?" असे मी विचारले की ते म्हणत, "संप चालू आहे." तेव्हा संपाला सहा-सात वर्षे होऊन गेली होती. ते एका इमारतीत रात्रीचे वॉचमन म्हणून जात होते, मामी शिलाईचे काम घेत होती, आणि तरीही संप चालू होता. मोठेपणी मला ते आत्मवंचनेचे उदाहरण वाटत असे. पण तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधीच जाहीर झाले नाही, त्यामुळे मामांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अगदी बिनचूक होते. शिवाय त्यांच्या त्या वाक्यात सगळी चाळ होती, समोरची चाळ होती आणि त्यांच्या खात्यातले सगळे जोडीदार होते. "संप चालू आहे" हे बहुवचनी वाक्य आहे. माझे पंधरा मिनिटांत आटोपले. माझा कॅमेरा सुरू होता, पलीकडच्या दोघांचे बंद होते, आणि माझ्या आधी कोण बोलून गेले व माझ्यानंतर कोणाची पाळी होती, हे मला आजही नीट माहीत नाही.

खोट्याची सुरुवात बहुधा त्या दिवशीच झाली. मला कोणी काढून टाकलेले नाही. कागदोपत्री मी स्वतः राजीनामा दिला आहे. पोर्टलवर जाऊन 'कारण' या रकान्यासमोरची यादी उघडली, तर तिच्यात उच्च शिक्षण होते, आरोग्य होते, विवाह होता, अधिक चांगली संधी होती. "तुम्ही सांगितलेत म्हणून" हा पर्याय नव्हता. मी 'वैयक्तिक कारण' निवडले आणि बटण दाबले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपातीसाठी एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन असा हिशेब घालून दिला होता, हे मी नंतर रात्री जागून वाचले. पण तो हिशेब कामगारासाठी होता, आणि ज्या 'मॅनेजर' या शब्दासाठी मी आठ वर्षे झटलो त्या शब्दाने मला त्या व्याख्येबाहेर कधीच नेऊन ठेवले होते. ग्रॅच्युइटी मात्र मिळाली. तिच्या सूत्रात महिना सव्वीस दिवसांचा धरतात, कारण चार रविवार वगळलेले असतात. म्हणजे चौदा वर्षांचा हिशेब करतानासुद्धा कायद्याने माझ्या सुट्ट्या तेवढ्या बाजूला काढून ठेवल्या.

२०२५ च्या जुलैमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हिंजवडीच्या आमच्या कँटीनमध्ये आम्ही त्या 'दोन टक्के'वर फार शांतपणे चर्चा केली होती. मी म्हणालो होतो की एवढ्या मोठ्या आकारात दोन टक्के म्हणजे नैसर्गिक गळतीच. हे वाक्य मला आठवते, कारण बोलताना माझ्या हातात मिसळीचा पाव होता आणि तो मी अर्धाच ठेवून मीटिंगला गेलो होतो. त्या पावाची आज जी हळहळ वाटते ती हास्यास्पद आहे, हे मला कळते.

आईच्या फोनविषयी लिहायचे होते, पण ते पुन्हा केव्हा तरी.

सलूनमधली आणखी एक गोष्ट राहिली. शेजारच्या खुर्चीत पस्तिशीचा एक गृहस्थ दाढी करून घेत होता. त्याच्या अंगात कुठल्याशा कंपनीच्या वार्षिक दिनाचा टी-शर्ट होता, पाठीवर वर्ष छापलेला, धुऊन धुऊन विटलेला. त्यालाही त्याच्या कारागिराने तोच प्रश्न विचारला आणि तो घाईने म्हणाला, "नाही, वर्क फ्रॉम होम." मग आरशात आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही एकाच वेळी भिंतीवरच्या केशरचनांच्या तक्त्याकडे पाहायला सुरुवात केली. घरून काम करणारा माणूस बुधवारी सकाळी अकरा वाजता, टीमची रोजची स्टँडअप मीटिंग आणि क्लायंट कॉल यांच्या मधोमध, फेस लावून बसत नाही, हे मला माहीत होते. आणि मला ते माहीत आहे, हे त्याला. एकाहत्तर दिवसांत मला पहिल्यांदाच हसू आले, पण गालावर वस्तरा असल्यामुळे ते आवरावे लागले. इतकी वर्षे मी रविवारीच जात आलो; तिथे तेव्हा चौथा-पाचवा नंबर लागतो आणि सगळे घाईत असतात. कामाच्या दिवशी इथे अशी वर्दळ असते, हे मला ठाऊकच नव्हते. भाऊंना मात्र असणारच. हिंजवडीत काय चालले आहे हे ज्यांना खुर्चीवरून कळते, त्यांत त्यांचा नंबर बराच वरचा असावा.

पैसे देताना ते म्हणाले, "पोरगं यंदा शेवटच्या वर्षाला आहे साहेब, कॉम्प्युटरला. त्याचा रेझ्युमे जरा बघता का?" मी म्हणालो, "पाठवायला सांगा, बघतो." हे दुसरे वाक्य. ज्याचे स्वतःचे एकशे चाळीस अर्ज कुठे गेले याचा पत्ता नाही, जो रोज सकाळी उठून नौकरी डॉट कॉमवरच्या आपल्या माहितीत एक स्वल्पविराम बदलतो, कारण त्यामुळे आपण यादीत वर येतो असे कोणीतरी सांगितले आहे, तो म्हणाला, "बघतो." पायऱ्या उतरताना मला आठवले की २०२० साली मार्चच्या शेवटापासून जूनच्या २८ तारखेपर्यंत सलून बंद होती. त्या तीन महिन्यांत माझा पगार दर महिन्याला वेळेवर जमा होत होता आणि हिने मशीनने माझे केस घरीच कापले होते. दुकान उघडल्यावर मी गेलो, तेव्हा त्यांना फक्त कटिंगची परवानगी होती, दाढीची नव्हती. मी विचारले होते, "काय भाऊ, कसे गेले दिवस?" ते म्हणाले होते, "सुट्टीच की साहेब, मोठी!" आणि मी हसलो होतो.

रेझ्युमे संध्याकाळी आला. दोन पानी, वर 'ऑब्जेक्टिव्ह' म्हणून एका नामांकित संस्थेत आपल्या कौशल्यांचा विकास साधण्याची इच्छा, जी २००२ साली मीही जवळजवळ याच शब्दांत व्यक्त केली होती. मी दीड तास बसून तो दुरुस्त केला. प्रोजेक्टमध्ये त्याने स्वतः काय केले ते वर आणले, 'टीम प्लेअर' काढला, भाषांच्या यादीतून जे त्याला खरोखर येत नसेल ते वगळायला सांगितले, कारण मुलाखतीत नेमके तेच विचारतात. शेवटी वैयक्तिक माहिती होती: जन्मतारीख, छंद, आणि वडिलांचा व्यवसाय. त्यासमोर मुलाने लिहिले होते, 'बिझनेस'.

त्या शब्दावर मी बराच वेळ थांबलो. हा सगळा भाग हल्ली कोणी लिहीत नाही, तो काढून टाक, असे सांगणे सोपे होते आणि ते योग्यही होते. पण मी तसे सांगितले असते तर ते त्याला कसे वाटले असते, हे ठरवता येईना. शेवटी मी जन्मतारीख आणि छंद यांवर काट मारली, आणि ती एक ओळ तशीच राहू दिली.

साडेनऊला त्याचा निरोप आला, "थँक यू सर. तुमच्या कंपनीत फ्रेशर्ससाठी रेफरल देता येईल का?" मी आधी इंग्रजीत उत्तर लिहिले, सध्या मी एका स्थित्यंतरातून जात आहे वगैरे, आणि वाचून पुसून टाकले. मग मराठीत लिहिले: "माझी नोकरी गेली आहे. पण जुन्या दोन सहकाऱ्यांना तुझा रेझ्युमे पाठवतो." हे वाक्य टंकायला चार सेकंद लागली असतील. त्यानंतर दोन निळ्या खुणा दिसल्या आणि बराच वेळ काहीच आले नाही. मी उठून पाणी पिऊन आलो. मग त्याचे उत्तर आले: "हो सर, पप्पा म्हणाले होते."

त्यांना कधीपासून माहीत होते, हे मी विचारले नाही. माहीत असूनही त्यांनी सकाळी तो प्रश्न तसाच का विचारला, हे बहुधा मला कळले आहे, पण ते लिहून काढायची आज इच्छा नाही.

दोन्ही सहकाऱ्यांना रेझ्युमे पाठवला आहे, एकाचे "बघतो" असे उत्तर आले आहे. पुढची कटिंग साधारण महिन्याभराने. तेव्हा रविवारी जावे की बुधवारी, हे ठरवलेले नाही. बुधवारी नंबर लवकर लागतो.