काळ्या पाण्यावर गेलेल्या पणजोबांची नोंद मिळवताना

१९०० सालच्या दुष्काळात धान्याचे कोठार लुटल्याबद्दल पणजोबांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ते परत आले नाहीत, एवढेच आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरात सांगितले जाई. गेल्या वर्षी पोर्ट ब्लेअरचे सेल्युलर जेल पाहून आले आणि त्यांची लेखी नोंद मिळवायचीच, असे ठरवले. तो तुरुंग १८९६ ते १९०६ या काळात उभा राहिला, तोही कैद्यांच्याच हातांनी. म्हणजे पणजोबा अंदमानात उतरले तेव्हा त्याच्या भिंती चढत होत्या. तिथल्या संगमरवरी फलकांवर मात्र नावे आहेत ती राजकीय कैद्यांची.

नागपुरातल्या एका कार्यालयात जुन्या कैद्यांच्या नोंदवह्या आहेत, असे कळले आणि तिथेच माझे पाच महिने गेले. अर्जाच्या छापील नमुन्यात ‘स्वातंत्र्यसैनिक प्रमाणपत्र क्रमांक’ असा रकाना होता. "काकू, हा रकाना रिकामा ठेवून अर्ज घेता येत नाही," असे खिडकीवरच्या लिपिकाने पहिल्या दिवशी सांगितले आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तेच ऐकवले. ते स्वातंत्र्यसैनिक नव्हते, साधे शिक्षा झालेले कैदी होते, असे मी म्हटल्यावर त्याने विचारले, "मग नोंद कशाला पाहिजे?" भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या खिडकीसमोर उभी असताना झालेला संताप आजही शमलेला नाही.

शेवटी मी वरिष्ठांना दोन पानी पत्र लिहिले. सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी आज तीनच उरल्या आहेत. त्याही पाडल्या जाऊ नयेत म्हणून तिथे शिक्षा भोगलेल्या राजकीय कैद्यांनी आवाज उठवला, आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते ते राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण झाले. त्या मंडळींचे ऋण मी मानतेच. परंतु ज्यांनी त्या विटा वाहिल्या त्यांची नावे कागदावरसुद्धा शोधू द्यायची नसतील, तर ते स्मारक अपुरे आहे, असे मी स्पष्ट लिहिले. पत्र वाचून साहेबांनी त्या रकान्यात ‘लागू नाही’ असे लिहायला सांगितले. या दोन शब्दांसाठी पाच महिने!

नोंद पुढे आठवड्याभरात सापडली: वडिलांचे नाव, गाव, वय २४, उजव्या भुवईवर जखमेचा व्रण. हा व्रण आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हता.

जुन्या वह्या इंग्रजीत आहेत, त्यामुळे आडनावाची चार-पाच स्पेलिंग आधीच लिहून न्यावीत. आमचे तिसऱ्या स्पेलिंगखाली निघाले. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्यावा. नक्कल हाती आल्यावर शिक्क्याखालची तारीख तिथेच तपासावी, कारण माझ्या नकलेवर ती राहून गेली होती आणि तेवढ्यासाठी मला पुन्हा त्याच खिडकीवर जावे लागले.