एवढी चिकाटी कुठून आणता?

बारीक मोझॅकचं, म्हणजे काचेचे इवले तुकडे शेजारी-शेजारी रोवून केलेल्या चित्राचं, एखादं पदक हातात घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला: हे रंगवलंय ना? नाही म्हणून भिंग पुढे केलं आणि तुकडे दिसले की दुसरा प्रश्न: अहो, एवढी चिकाटी कुठून आणता? या दुसऱ्या प्रश्नाला दरवेळी हसून काहीतरी उत्तर दिलं जातं आणि विषय संपतो. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगतो.

चिकाटी लागते, पण तांदूळ निवडायला लागते तेवढीच. हे काम माणसाच्या हाताला जमतं ते दोन वस्तूंमुळे: तारेसारखी ओढलेली काच आणि मुद्दाम उशिरा वाळणारं लुकण, म्हणजे तुकडे धरून ठेवणारा लगदा. या दोन्ही नसतील तर ऋषीची चिकाटी असूनही अंगठ्याएवढ्या जागेत कबुतर बसवता येणार नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडे मोझॅक म्हटलं की जुन्या घरातली ठिपक्याठिपक्यांची फरशी आठवते. ती खरं तर सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा ओतून, घासून केलेली असते. त्यात कुणी तुकडा हाताने लावलेला नसतो. गच्चीवरचं चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्स बसवलेलं, मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे. आणि आग्र्याची पच्चीकारी वेगळीच. तिच्यात पाकळीच्या आकाराचा एक दगड पाकळीच्याच आकाराच्या खाचेत बसतो. मोझॅकमध्ये पाकळी आठ-दहा तुकड्यांतून उभी राहते.

दागिन्यातलं मोझॅक हे रोमचं अपत्य. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमधली मोठी चित्रं दमटपणाने खराब होत होती, म्हणून त्यांच्या मोझॅक प्रतिकृती करण्याचं काम चाले, आणि 1727 मध्ये व्हॅटिकनचा मोझॅक कारखाना रीतसर उभा राहिला. 1730 च्या सुमारास अलेस्सिओ मात्तिओली याने चकाकी नसलेली, अपारदर्शक काच असंख्य छटांमध्ये बनवली. या काचेला स्माल्ती म्हणतात. पुढे चर्चमधलं काम आटत गेलं आणि कारागिरांनी मोर्चा वळवला तो युरोपभरातून रोम बघायला येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांकडे. त्यांना सोबत नेता येईल असं काहीतरी हवं होतं: डबी, अंगठी, ब्रोच. जाकोमो राफाएल्ली याने 1775 मध्ये आपलं असं बारीक काम रोममध्ये मांडलं, आणि तिथून हा प्रकार गाजला. ‘मायक्रोमोझॅक’ हा शब्द मात्र अगदी अलीकडचा. विसाव्या शतकातले संग्राहक आर्थर गिल्बर्ट यांनी तो रूढ केला. त्यांचा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लंडनला असाल तर जरूर बघा, मात्र खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा.

आता तार. लोकांना वाटतं, काच फोडत फोडत एवढी बारीक केली असेल. तसं केलं तर दोन मिलिमीटरच्या खाली हाती फक्त चुरा उरतो. रोमच्या कारागिरांनी काच फोडायची सोडून ती ओढायला घेतली. स्माल्तीचे खडे ज्योतीवर मऊ करायचे, हव्या त्या छटा एकमेकींत घोळायच्या, आणि गोळा चिमट्यात धरून गुळाच्या पाकासारखा ओढायचा. सोनार तार ओढतो ती जंत्रीच्या भोकातून. इथे भोक नाही. इथे काचेचाच एक गुण कामी येतो: गोळ्याचा छेद ज्या आकाराचा, तारेचा छेदही त्याच आकाराचा, फक्त बारीक. गोळा दाबून चौकोनी केलात तर तार चौकोनी निघते. पानासारखा चपटा केलात तर केसाएवढ्या तारेचं टोकही पानासारखंच. अळुवडीचा उंडा कुठेही कापा, प्रत्येक कापात तीच गुंडाळी दिसते, तसंच हे. पुढे एकाच तारेत तीन-चार छटा एकीत एक मिसळून ओढायची रीत आली. तिला मालमिस्कियाती म्हणतात आणि तिचं श्रेय अंतोनिओ अग्वात्ती याला दिलं जातं. त्यामुळे पिसाचा गडद कडेपासून उजळ कण्यापर्यंतचा उतार एका तुकड्यात मावू लागला. 

घरी करायचं तर हँड टॉर्च, दोन लांब चिमटे आणि काच दाबायची सपाट पक्कड एवढ्यावर सुरुवात होते. काच ज्योतीत नारिंगी होऊन लोंबायला लागली की लगेच ओढायचा मोह होतो. तिथेच चुकतं. काच जास्त पातळ असते, ओढताच तिचा कोळ्याच्या जाळ्यासारखा केस होतो. ज्योतीबाहेर काढा, दोन-तीन सेकंद थांबा, नारिंगी रंग उतरू द्या. मग ओढायला हळू सुरुवात करा आणि तार थंड होत जाईल तसा वेग वाढवा. उलट केलंत तर मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड अशी तार निघते. फूटभर तारेतला मधला सात-आठ इंचांचा भाग एकसारखा निघाला तर हात बसला म्हणायचा.

काच कुठली घ्यायची? फिरोजाबादच्या रंगीत काडीवर सराव करायला हरकत नाही. फुटक्या बांगड्यांचा विचार सगळ्यांच्याच मनात येतो, पण बऱ्याच बांगड्यांचा रंग वरवरचा असतो आणि आत साधी काच. ओढली की रंग विरळ होऊन तार फिकी पडते. आणखी एक: दोन वेगळ्या कारखान्यांच्या काचा एका तारेत मिसळू नका. दोन्ही निवताना सारख्या आकसल्या नाहीत तर तार तासाभरात किंवा रात्रीतून आपोआप तडकते. शेजारी-शेजारी स्वतंत्र तुकडे म्हणून त्या खुशाल लावा. खऱ्या स्माल्तीत बहुधा शिसं असतं, त्यामुळे खिडकी उघडी, कामाच्या टेबलावर चहा नाही, आणि उठताना हात धुवायचे.

तार मोडायची पद्धत कासाराला बघून शिकता येईल अशी: धारदार कानशीने एक ओरखडा, आणि बोटाने हलका दाब. तुकडा तीन मिलिमीटरचा. इथे लोक फसतात ते मोजमापात नाही, कोनात. ओरखडा तारेला काटकोनात नसेल तर तुकड्याचं डोकं तिरकं मोडतं आणि पुढे घासताना तेवढाच तुकडा जास्त झिजवावा लागतो. मोडताना चष्मा हवाच, आणि टेबलावरचा चुरा ओल्या फडक्याने टिपायचा, फुंकायचा नाही.

हा तुकडा आडवा ठेवत नाहीत. तो काडेपेटीतल्या काडीसारखा उभा रोवतात, आणि आपल्याला दिसतं ते फक्त त्याचं टोक. सगळं पदक म्हणजे उभ्या काड्यांची दाट गर्दी. म्हणून पृष्ठभाग थोडा झिजवला तरी चित्र पुसलं जात नाही. रंग खालपर्यंत गेलेला असतो.

किती तुकडे, हा हिशेब सोपा आहे. 30 बाय 22 मिलिमीटरचं लंबगोल पदक घ्या. क्षेत्रफळ साधारण 518 चौरस मिलिमीटर. 0.8 मिलिमीटरची चौकोनी तार आणि मध्ये 0.1 ची फट धरली तर सुमारे 640 तुकडे. तीन मिलिमीटरप्रमाणे दोन मीटरपेक्षा थोडी कमी तार. मोडतोड आणि प्रत्येक छटेचं उरलंसुरलं धरून तीन मीटर ओढा. तार 0.5 ची आणि फट 0.05 ची केली की तेवढ्याच पदकात 1,700 च्या घरात तुकडे जातात. जुन्या उत्तम कामात चौरस इंचात तीन हजारांच्या पुढचे आकडे सांगितले जातात. म्हणजे फटीसकट एका तुकड्याच्या वाट्याला अर्धा मिलिमीटरही रुंदी येत नाही. पहिल्या पदकाला 0.8 च्या खाली जाऊ नका.

लुकण हे या कामाचं अर्धं गुपित. संगमरवराची किंवा ट्रॅव्हर्टाइन दगडाची मैद्यासारखी पूड, भिजवून विरवलेल्या चुन्याची कोरडी पूड आणि जवसाचं तेल, कच्चं आणि उकळलेलं असं दोन्ही. शंभर ग्रॅमला साधारण 60 ग्रॅम दगडाची पूड, 25 ग्रॅम चुना, 10 ग्रॅम कच्चं तेल आणि 5 ग्रॅम उकळलेलं, इथून सुरुवात करा; शेवटचं तेल थेंबाथेंबाने. रांगोळी वापरू नका, तिचा दाणा मोठा असतो आणि तुकडा त्यावर अडून वाकडा बसतो. मळून झाल्यावर परीक्षा एकच: एक काडी रोवा आणि परत उपटा. भोक तसंच राहिलं तर लुकण तयार. भोक मिटलं तर तेल जास्त, कडा भेगाळल्या तर कमी.

उकळलेल्या तेलाचं प्रमाण वाढवलं की लुकण लवकर धरतं, कच्च्याचं वाढवलं की उशिरा. हीच त्याची किल्ली. ते कित्येक दिवस, नीट झाकलं तर आठवडेही, मऊ राहतं. आज लावलेला तुकडा उद्या सकाळी खुपला तर तो उपटून दुसऱ्या छटेचा लावता येतो. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे या: जिथे चूक दुरुस्त करायला आठवडा मिळतो, तिथे चिकाटी वेगळी आणावी लागत नाही. फेविक्विकने हेच काम करून बघा, पंधराव्या तुकड्याला रडू येईल. शिवाय त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकी धूसर छटा येते. फेव्हिकॉल काचेखाली हवेअभावी वाळत नाही आणि वाळताना आकसतो. दोन नळ्यांचं इपॉक्सी चालतं, पण एप्रिलच्या पुण्यात ते बघता बघता आळतं, तेव्हा एका वेळी हरभऱ्याएवढंच कालवा.

एक धोका मात्र गंभीर आहे. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून कचऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं, आणि दाबून ठेवलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी पाण्यात बुडवा किंवा बाहेर सपाट पसरून वाळवा.

कोंदणाची खोली साडेतीन मिलिमीटर असावी आणि तळ आतून खरवडलेला, नाहीतर वर्षांनी सगळं चित्र बिस्किटासारखं अखंड सुटून येतं. जुने कारागीर कोंदण आधी प्लास्टर ऑफ पॅरिसने भरत, त्यावर चित्र काढत, मग जेवढ्या जागेत आज काम करायचं तेवढंच प्लास्टर कोरून तिथे लुकण भरत. चित्र शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहतं. यापेक्षा चांगली युक्ती मला तरी दिसलेली नाही. लुकण किती घालायचं? नवखा माणूस कोंदण अर्धं भरतो आणि शंभराव्या तुकड्याला लुकण उतू जाऊन तुकड्यांची सगळी टोकं बरबटतात. गणित असं: 0.8 चे तुकडे जागेचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग खातात आणि लुकण उरलेल्या फटींतून वर चढतं. म्हणून थर एक मिलिमीटरचाच. त्यातलं अर्धं तुकड्यांखाली राहतं, बाकीचं फटींतून दोन मिलिमीटर वर येऊन त्यांना धरतं.

लावताना आधी कडेची रेघ, मग आतला भाग, आणि शेवटी पार्श्वभूमी. कबुतराचंच घ्या. रोमच्या मोझॅक दागिन्यांवर सगळ्यांत जास्त वेळा दिसणारं चित्र म्हणजे भांड्याच्या काठावर बसलेली चार कबुतरं. मूळ मोझॅक 1737 मध्ये हाड्रियन या रोमन सम्राटाच्या व्हिलात सापडलं. त्यातलं एक कबुतर वाकून पाणी पितं. त्या मानेवर तुकड्यांच्या ओळी मानेच्या वळणाने गेल्या तर मान वाकते. सरळ आडव्या ओळी भरल्यात तर रंग सगळे बरोबर असूनही कबुतर दोसुतीवर भरल्यासारखं दिसतं. पार्श्वभूमीची पहिली ओळ पक्ष्याच्या कडेला लगटून फिरवा, मग हळूहळू सरळ होऊ द्या. डोळा एका तुकड्याचा, शक्यतो गोल तारेचा. तो आधी रोवून मग भोवताली डोकं बांधणं सोपं जातं.

मग थांबायचं. लुकण पुरतं टणक व्हायला महिने लागतात, पावसाळ्यात आणखी जास्त. घाईने घासलं की तुकडे दातासारखे हलून उपटतात. घासायला सपाट काच, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची घासायची पूड: 220, 400, 600, 1000 या क्रमाने, म्हणजे जाड दाण्याकडून बारीक दाण्याकडे, आणि प्रत्येक टप्प्याला पदक आणि काच दोन्ही स्वच्छ धुऊन. 220 चा एक कण 1000 मध्ये शिरला की पांढरा ओरखडा आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चकाकीसाठी फेल्टवर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडावर, सेरियम ऑक्साइडची पूड.

घासून झालं की पांढुरक्या फटी डोळ्यांत खुपतात आणि सगळं चित्र जाळीतून पाहिल्यासारखं वाटतं. त्यासाठी रंगीत मधमेण. ते कोमट करून फटींत भरायचं, निळ्याशेजारी निळं, करड्याशेजारी करडं, आणि वरचं पुसून काढायचं. लोकांना ‘हे रंगवलंय ना?’ असं वाटतं ते बरंचसं या मेणामुळे.

म्हणूनच आजीकडून आलेला असा एखादा ब्रोच घरात असेल तर तो सोनाराच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात, वाफेखाली, गरम पाण्यात किंवा अॅसिटोनमध्ये घालू देऊ नका. मेण निघतं, लुकण हलतं. किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा आणि लगेच कोरडं करा. मागे ‘इटली’ असा छाप आणि पितळी घर असेल, तुकडे डोळ्यांना सुटे दिसत असतील, तर तो बहुधा विसाव्या शतकातला प्रवाशांसाठीचा माल. भिंगाखाली फटी अगदी एकसारख्या, आलेखाच्या कागदासारख्या दिसल्या आणि एकही तुकडा शेजाऱ्यापेक्षा किंचित वाकडा नसला, तर ते रेझिनखालचं छापील चित्र आहे.