रिकाम्या हातातली वस्तू दिसते कशी?

मूकाभिनयाचा प्रयोग संपला की प्रेक्षकांपैकी कोणी ना कोणी हमखास विचारते, "तुमच्या हातात काहीच नव्हते, मग ते आम्हाला दिसले कसे?" तुम्हीही तेच विचारलेत म्हणून, सरावातून मला जे उमगले ते सांगतो.

वस्तू हातामुळे दिसते असा सर्वसाधारण समज आहे आणि नव्याने शिकणारेही तिथेच चुकतात. पाण्याने भरलेली बादली उचलायची म्हटले की ते मूठ आवळून हात वर करतात. खरी बादली उचलताना मात्र आधी गुडघे वाकतात, बादली उजव्या हातात असेल तर धड डावीकडे कलते, मोकळा हात तोल सावरण्यासाठी बाहेर निघतो आणि मगच बादली जमीन सोडते. हे सारे याच क्रमाने घडले, की पाणी सांडू नये म्हणून प्रेक्षकच श्वास रोखून धरतात. मुठीत कडीच्या जाडीएवढी पोकळी राहावी लागते. त्याहून अवघड असते ते खाली ठेवणे, कारण बोटे उघडून हात मागे घेतला नाही तर बादली हातालाच चिकटून राहते. पुढच्या क्षणी तोच हात कपाळावरचा घाम पुसायला गेला, की उभे केलेले सगळे कोसळते.

भिंतीचे तंत्र याच्या उलट आहे. तिथे तळवा हवेत एका जागी खिळवून ठेवायचा आणि बाकीचे शरीर त्याच्याभोवती हलवायचे. तळवा बोटभर जरी सरकला तरी भिंत नाहीशी होते. फ्रान्समधील एतिएन दक्रू (१८९८–१९९१) यांनी शरीराच्या अशा हालचालींचे जणू व्याकरणच रचले. त्यांच्याकडे शिकलेल्या मार्सेल मार्सो यांनी १९४७ मध्ये 'बिप' हे पात्र उभे केले आणि पुढे ते जगभर पोहोचवले.

नृत्याच्या बाबतीत प्रश्न थोडा बदलतो: खुणा ठाऊक नसतील तर अर्थ कळणार कसा? बॅलेमध्ये दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवले की नृत्य, मुठी मनगटांशी एकमेकींवर टेकवून खाली आणल्या की मृत्यू, अनामिकेकडे बोट दाखवले की विवाह, असे संकेत ठरलेले आहेत. १८४१ च्या 'जिझेल'मध्ये नायिकेची आई याच भाषेत मुलीला विलींची, म्हणजे लग्नाआधी मरण पावलेल्या मुलींच्या भुतांची, कथा सांगते. बऱ्याच प्रयोगांत हा भाग कापतात किंवा आखडता घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आईची ती भीती आधी पाहिलेली नसेल, तर दुसऱ्या अंकातल्या विली नुसत्या देखण्या नर्तिका होऊन येतात. कथकळीत नट बोलत नाही, पदे गायक गातात आणि नट ती चोवीस मूळ मुद्रांच्या आधारे उलगडत नेतो. तिथेही मुद्रेने शब्द कळतो. दुःख कळते ते नटाचा श्वास, पापण्या आणि मान यांतून. म्हणून खुणा न शिकलेला प्रेक्षकही, तपशील निसटले तरी, प्रसंगापासून दुरावत नाही.

जिथे हात तिथे दृष्टी आणि जिथे दृष्टी तिथे मन, असे 'अभिनयदर्पण' या नृत्याभिनयावरील संस्कृत ग्रंथात म्हटले आहे. नृत्यासाठी सांगितलेले हे सूत्र मी मूकाभिनय शिकवतानाही धरून असतो, फक्त तिथे सुरुवात दृष्टीपासून करतो. पहिले काही दिवस मी विद्यार्थ्यांना हात पाठीमागे बांधून उभे करतो आणि समोरच्या रिकाम्या जागेत पेला नुसत्या नजरेने दाखवायला सांगतो. तो किती अंतरावर आहे, काठोकाठ भरला आहे की तळाशी घोटभरच उरले आहे, हे पाहणाऱ्याने अचूक सांगितले, की मग हात सोडायला परवानगी.