बर्फात तगणारा पाम आणि परभणीचे ऊन

रोपवाटिकांमधून हल्ली ‘हायब्रिड, थंडी सोसणारा’ अशी चिठ्ठी लावलेले पाम दिसू लागले आहेत आणि विकणारा मोठ्या उत्साहाने सांगतो, “साहेब, हा बर्फातसुद्धा तगतो.” आमच्या परभणीत बर्फ पाहायचा तर रसवंतीवर जावे लागते. तरीही त्याचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये, असे माझे मत आहे. कारण मराठवाड्यातल्या अंगणाला या झाडांच्या थंडी सोसण्याचा फारसा उपयोग नसला, तरी त्यांच्या ठायी असलेली कोरडी हवा आणि पाण्याची ओढ सोसण्याची ताकद मात्र आपल्या नेमकी उपयोगाची आहे.

येथील थंडी अगदीच नगण्य आहे असेही नाही. उत्तरेकडचे वारे सुटले की वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत एखाद्या वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो, आणि त्यानंतर शहरातल्या नारळांच्या व अरेका पामांच्या पानांची टोके करपलेली दिसतात. मे महिन्यात तोच पारा ४३ अंशांच्या आसपास असतो. एकाच झाडाने ही दोन्ही टोके काढायची आहेत.

या जातकुळीतला सर्वांत नावाजलेला संकर म्हणजे म्यूल पाम. त्याची आई ब्युटिया ओडोराटा आणि बाप क्वीन पाम, म्हणजे सायाग्रस रोमानझोफियाना. फ्रान्समधील नाबोनाँ या उद्यानतज्ज्ञाच्या नावावरून या संकराला ब्युटियाग्रस नाबोनांडी असे म्हणतात. ब्युटिया हा मूळचा दक्षिण ब्राझील आणि उरुग्वे येथील. राखाडी-निळसर, जाड, आत वळलेल्या झावळ्यांचा, चिवट, पण वाढीला फार संथ. क्वीन पाम उंच, हिरवागार आणि झपाट्याने वाढणारा आहे, परंतु त्याला पाणी आणि खत सतत लागते, आणि चुनखडीच्या जमिनीत तो हमखास आजारी पडतो. संकरात आईचा काटकपणा बऱ्यापैकी उतरतो आणि बापाचे रूप व वेगही मिळतो. मात्र एकाच पोयीच्या, म्हणजे फुलोऱ्याच्या, बियांपासून आलेली भावंडेही सारखी निघत नाहीत, कुणी आईवर जाते, कुणी बापावर.

हे रोप महाग का, हे त्याचा जन्म कसा होतो ते पाहिल्यावर कळते. ब्युटियाच्या एकाच पोयीत नर आणि मादी अशी दोन्ही फुले असतात. नर फुले आधी उमलून गळतात आणि मादी फुले मागाहून तयार होतात. संकर करणारा माणूस पोय उघडताच तिच्या प्रत्येक काडीवरची नर फुले खुडतो, पोयीला पिशवी बांधतो आणि मादी फुलांच्या टोकाशी चिकट ओल दिसू लागली की क्वीन पामचे वाळवून ठेवलेले पराग त्यांवर सोडतो. पुढे फळांच्या कठीण कवचातले बी रुजायला कित्येक महिने जातात, आणि एवढे करून वाढलेल्या झाडाला उगवण्याजोगे बी सहसा धरतच नाही. आंब्याप्रमाणे कलम बांधावे म्हटले, तर पामच्या खोडात कलम जुळवणारा सालीखालचा वाढीचा थर नसतो. म्हणजे प्रत्येक रोपासाठी हीच मेहनत पुन्हा करावी लागते. परदेशातून बी मागवण्याचा मोह होणाऱ्यांनी २००३ चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश ध्यानात ठेवावा. आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय पाकिटातून बी मागवणे नियमात बसत नाही.

स्वस्तात ‘हायब्रिड’ मिळत असेल, तर रोप जरा मोठे असताना झावळीच्या देठाच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहावा. ब्युटियाच्या देठाला स्पष्ट दातेरी काटे असतात, क्वीन पामचा देठ गुळगुळीत असतो, आणि म्यूल पामच्या देठावर बुडाकडे अर्धवट, तंतुमय, बोथट काटे हाताला लागतात. पूर्ण गुळगुळीत देठाचे झाड हायब्रिडच्या भावात घेऊ नये.

लागवडीत खरी परीक्षा जमिनीची आहे. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि त्या भेगांमध्ये मुळ्या तुटतात. म्हणून खड्ड्यात निम्म्याच्या आसपास मुरूम मिसळून, जमिनीपेक्षा थोडा उंच ओटा करून त्यावर रोप लावणे बरे. वेळ मृगाचा पाऊस होऊन जमीन ओली झाल्यानंतरची, कारण पामच्या मुळ्या उबदार जमिनीतच जोमाने धावतात. या जमिनीतला चुना मात्र मुरमाने जात नाही. त्याच्यामुळे मँगनीज हे सूक्ष्म अन्नद्रव्य जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही, आणि वर बोअरचे क्षारयुक्त पाणी दिले की दुखणे वाढते. नवी झावळी आखूड, वेडीवाकडी, विस्तवाजवळ धरल्यासारखी करपलेली बाहेर येते. लोक त्याला उन्हाचा चटका समजून पाणी वाढवतात, आणि झाड आणखी खालावते. उन्हाचा चटका आधीच उघडलेल्या पानांना बसतो. उघडतानाच जे पान करपलेले असते, ते मँगनीजसाठी रडत असते. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम मँगनीज सल्फेट या प्रमाणात संध्याकाळी फवारणी केल्यास पुढचे पान सुधारून येते, आधीचे मात्र तसेच राहते. याउलट जुनी पाने कडेने पिवळी पडून मधला भाग हिरवा राहिला, तर मॅग्नेशियम कमी आहे असे समजावे. पिवळी पडलेली जुनी झावळी दिसायला वाईट दिसते म्हणून लगेच कापू नये. झाड तिच्यातले पोटॅश काढून नव्या पानाला देत असते.

शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे, कारण गेंड्या भुंग्याच्या अळ्या उकिरड्यातच वाढतात आणि भुंगा कोंबात शिरला की पुढची झावळी पंख्यासारखी कातरलेली निघते. कोंबाजवळच्या पानांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरून ठेवणे हा नारळवाल्यांचा उपाय येथेही चालतो. पामला शेंडा एकच असतो; तो कुजला की झाड गेले.

पाण्याचा हिशेबही आधीच मांडावा. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते लातूर आमच्यापासून लांब नाही. म्यूल पामला पहिले दोन-तीन उन्हाळे ठिबक, पाचटाचे आच्छादन आणि दुपारी शेडनेटची सावली द्यावीच लागते. एवढी सोय नसेल तर हा नाद करू नये.

थंडी सोसणारे म्हणून ट्रॅकीकार्पस नावाचे पामही विकले जातात. आपल्या कुमाऊँतला ट्रॅकीकार्पस टाकिल याच कुळातला आहे, पण ही डोंगरातल्या गारव्याची झाडे आहेत आणि परभणीच्या मे महिन्यात ती झुरतात. खजुराच्या कुळात, म्हणजे फिनिक्समध्ये, मात्र आपल्याला जास्त वाव आहे. या कुळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि जवळजवळ लावलेल्या जाती एकमेकींशी सहज संकर करतात, त्यामुळे शहरातल्या बागेतून उचललेल्या बीचा बाप कोण, हे सांगता येत नाही. आपली ओढ्याकाठची शिंदी, जिच्या पानांची केरसुणी लक्ष्मीपूजनाला पुजली जाते, तीही फिनिक्सच आहे, आणि तिला थंडी, ऊन व आपली जमीन यांपैकी कशाचेच वावडे नाही. तिचा कॅनरी बेटांवरच्या खजुराशी झालेला संकर भरदार खोडाचा आणि देखणा होतो. माझ्या मते ठिबकची नळी पोहोचते तेथे, फाटकाजवळ, म्यूल पाम लावावा आणि नळी न पोहोचणाऱ्या कुंपणाच्या कोपऱ्यात शिंदी किंवा तिचा संकर. तिच्या देठाच्या बुडाशी सुयांसारखे लांब काटे असतात, तेव्हा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून तिला दूर ठेवावे.