तुम्ही विचारलंत म्हणून : विरहाच्या ओवीत राजा कशाला?

मी ओव्या गोळा करते म्हटल्यावर हा प्रश्न येतोच. जिवाभावाचं माणूस गेल्याचं दुःख गाताना बायका राजा, राणी, महाल, सात दारं असलं कशाला घेऊन बसतात? सरळ सांगितलं तर जास्त भिडणार नाही का?

सरळ सांगणारी विरहगाणीही आपल्याच मातीतली आहेत. पैठणच्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावरचा प्राकृत गाथांचा संग्रह, गाथासप्तशती, घ्या. 700 गाथांतल्या एकीत नवरा परगावी गेलेली बाई ‘आज गेला, आज गेला’ म्हणत दिवसाच्या पहिल्या अर्ध्यातच भिंत रेघांनी भरून टाकते. किती थेट! पण तिला मोजायला दिवस तरी आहेत. तिचा माणूस येणार आहे.

माझ्या आत्याचा येणार नव्हता.

अंबाजोगाईजवळच्या खेड्यात आमचं माळवदाचं घर. आत्या पहाटे दळायला बसायची. तिच्या ओव्यांतला राजा शिकारीला गेलेला. घोडा तेवढा माघारी आला. राणी सात दारं लावून आत बसली, आणि सातव्या दाराची किल्ली राजाच्या कमरेला. मी सहा वर्षांची असेन. पुढं काय झालं म्हणून तिच्या मागं लागायचे. ती म्हणायची, “पुढं काई नाही माय.”

तिच्या नवऱ्यानं तिला टाकून दुसरीकडं संसार मांडला होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तेव्हा त्या ओव्या पुन्हा आठवून पाहिल्या. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायचं नाही, हे तर होतंच. पण राजा नुसता नाव झाकायला आला नव्हता. शिकारीला गेलेला राजा टाकून गेलेला नसतो. त्याला वाघानं अडवलं असेल, रानात वाट चुकली असेल. त्याच्या मनात परत यायचंच होतं. आणि दारं राणीनं स्वतः लावलेली असतात, तिला कुणी बाहेर काढलेलं नसतं. भावाच्या घरात राहून, भावजयीच्या देखत, हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत म्हणता आलं असतं? माझं ठाम मत आहे, त्या राजानं आत्याला जगवलं.

श्रावणातल्या सोमवारी ती आम्हाला शिवामुठीची कहाणी वाचून दाखवायची. आटपाट नगर, राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला शिळंपाकं, तिची नागकन्यांशी गाठ, मग देवाचं देऊळ सोन्याचं होतं, हे सगळं ती रंगवून वाचायची. शेवटाला आली की पोथी माझ्या हातात द्यायची. “तू वाच, तुझा आवाज गोड हाय.” मग मी खणखणीत आवाजात वाचायचे, नावडती होती ती आवडती झाली. आत्या तोवर उठून चुलीकडं गेलेली असायची.