पावणेबारा तास

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाईन सेंटर आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानची केवायसी, झेरॉक्स, रिचार्ज, जे येईल ते करतो. इतक्या वर्षांत एवढे फॉर्म भरले की कोणत्या साईटचं सबमिटचं बटन कुठं लपून बसलंय ते झोपेत सांगेन. म्हणून मला उगाच वाटायचं की फॉर्म भरण्यात आपल्याला कोणी काही शिकवू शकत नाही.

तर मागच्या जुलैची गोष्ट. पीक विम्याची 31 तारीख डोक्यावर आलेली, सेंटरसमोर सकाळपासून लोकं, हातात पासबुक, सातबारा, आधार, वरून पाऊस, साईट दहा मिनिटं चालते अन वीस मिनिटं गोल गोल फिरते, मशीनवर म्हाताऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत कारण निंदण करून करून रेषाच घासून गेल्या. अशात दुपारी पावणेदोनला गुरुजी आले. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मला चौथीपर्यंत यांनीच शिकवलं, आता रिटायर आहेत. सोबत त्यांची पोरगी, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जाड वही धरून.

पोरगी पायलट आहे हे गावाला माहीत होतं. तिकडे गोंदियाजवळ बिरसीला ट्रेनिंग झालं, गुरुजींनी दोन एकर वावर विकलं अन वरून बँकेचं लोन. पण लायसन हातात येऊन वर्ष झालं तरी नोकरी नाही, अन गावात लोकं विचारून विचारून जीव खातात, "काय बाप्पा, विमान कवा उडवतं तुमची पोट्टी?"

"दादा, एक फॉर्म भरायचा आहे, बाहेरच्या एअरलाईनचा. घरी लाईन नाही अन रेंजबी नाही."

मी स्क्रीन पाहिली. पोस्ट होती सेकंड ऑफिसर. तिनं सांगितलं की लांबच्या फ्लाईटवर जास्तीचे पायलट लागतात, विमान वर सरळ चालू असताना मोठे पायलट आळीपाळीनं आराम करतात तेव्हा त्या सीटवर बसायचं, टेकऑफ-लँडिंग यांच्याकडे नसतं. मी म्हटलं, म्हणजे कंडक्टर. ती हसली, गुरुजी नाही हसले.

खाली लिहिलेलं होतं की फॉर्म आज 1500 ला बंद होणार. माझ्या घड्याळात दोनला दहा कमी. मी तर ओरडलोच, "अवो गुरुजी, एका तासात काय काय अपलोड करू मी!" अन तेवढ्यात लाईन गेली. इन्व्हर्टर सुरू झाला पण बॅटरी जुनी, त्याचा भरवसा नाही, लोकंबी कल्ला करायला लागले. पोरगी एकदम शांत. म्हणे, "दादा, ते यूटीसी आहे. झुलू टाईम. आपण साडेपाच तास पुढं. रात्री साडेआठपर्यंत आहे, तुम्ही आधी यांचं विम्याचं करून द्या." पायलट लोकं जगभर एकाच घड्याळावर चालतात म्हणे, नाहीतर या देशातून निघालेलं विमान त्या देशात कवा पोचलं ते कोणाला कळलंच नसतं. मी मान हलवली अन विम्याचं करत राहिलो, ते दोघं बाकावर बसून राहिले.

साडेपाचला लाईन आली, तेव्हा तिचा नंबर लागला.

पहिली चूक नावातच. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिले, मग नाव, मग बापाचं, अन माझे हात त्याच सवयीचे. मी टकाटक आडनाव पहिल्या डब्यात टाकलं. ती म्हणे थांबा, पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, उद्या व्हिसाला अडकेल. मग ईमेल. मी विचारतो एम का एन, ती म्हणते "माईक नाही, नोव्हेंबर". मागं बसलेले एक काका म्हणे, "नोव्हेंबर कायले वो बाई, आता तं जुलै चालू हाय!" रेडिओवर आवाज फाटतो म्हणून अक्षराला शब्द जोडून बोलायची त्यांची पद्धत आहे. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो असं. काकांनी आपल्या नावाचं काय होते तेबी विचारून घेतलं. दहा मिनिटं त्यातच गेली.

मग आले तास. पायलटची सगळी कमाई त्या वहीत, लॉगबुक म्हणतात तिला. कोणत्या तारखेला कोणतं विमान, कुठून कुठं, किती तास किती मिनिटं, सोबत शिकवणारा होता का आपण एकटेच कमांडवर, दिवस का रात्र, अन पानापानावर सही शिक्का. आपल्याकडे कमर्शियल लायसनला कमीत कमी 200 तास लागतात, हिचे 203 तास 40 मिनिटं. त्यात कमांडवर 112 तास 20 मिनिटं, शिकवणाऱ्यासोबत 91 तास 20 मिनिटं. रात्रीचे 11 तास 45 मिनिटं. ती वाचत गेली, मी टाकत गेलो. 203.40, 112.20, 91.20, 11.45. साईटनं बेरीज स्वतःच केली, बरोबर आली, हिरवी टिक.

पुढं होतं, जेट विमानावर किती तास. शून्य. वीस टनाच्या वरच्या विमानावर किती. शून्य. एअरलाईनचा अनुभव. शून्य. तिसऱ्या शून्याला गुरुजी बाकावरून उठले. "सारे शून्यच काऊन लिवून राह्यला बे?" तर मी, खोटं कशाला सांगू, माझ्या सेंटरच्या अकलेनं बोललो, "ताई, थोडंसं टाकून देऊ का काही? तिकडे कोण पाहून राह्यलं?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी माऊसवरचा हातच काढला. म्हणे, "दादा, 2011 ला खोट्या मार्कशीटवर लायसन काढलेले पायलट पकडले होते आपल्या देशात, पोलीस केस झाली, लायसन गेले. मी शून्यच आहे त्याच्यात, शून्यच टाका."

गुरुजी चष्मा लावून स्क्रीनजवळ आले होतेच, ते आता आकडे वाचत होते, पेपर तपासतात तसं, बोट लावून. रात्रीच्या तासावर बोट थांबलं.

"हे किती?"

म्हटलं, अकरा तास पंचेचाळीस मिनिटं गुरुजी.

"म्हणजे किती?"

"...पावणेबारा."

"अन तू काय लिवलं? अकरा पूर्णांक पंचेचाळीस शतांश. साडेअकराबी नाही झाले ते! पावणेबारा कसं लिवतात रे?"

मला चौथीचा वर्ग आठवला अन कानशील गरम झालं. अकरा पूर्णांक पंचाहत्तर. दशांशातले शंभर अन घड्याळातले साठ, मी दोन्ही एकच करून टाकले. वर फॉर्ममध्ये बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, तास दशांशात भरा. पोरगीनं कपाळावर हात मारला, तिनंही पाहिलं नव्हतं, दिवसभर बसून बसून थकली होती. लॉगबुकची पानं अपलोड होणार होती, फॉर्मात एक अन वहीत दुसरं दिसलं असतं. अन बेरीज कशी काय बरोबर आली? वीस अन वीस चाळीस, साठाच्या वर गेलंच नाही, मग साईट बिचारी काय पकडणार.

सगळं पुन्हा भरलं. 112 तास 20 मिनिटं म्हणजे 112.33, 91 तास 20 मिनिटं म्हणजे 91.33, एकूण 203.67. आता मजा पाहा, चुकीचं होतं तेव्हा हिरवी टिक अन बरोबर केलं तर लाल. बेरीज जुळत नाही म्हणे! तेहतीस अन तेहतीस सहासष्ट होतात ना. मी म्हटलं एका जागी चौतीस करून टाकतो, विषय संपला. पोरगी म्हणे, नाही, एकूण 203.66 करा, तास कमी दिसले तर चालतील, जास्त दिसायला नको. गुरुजींनी तोंडी हिशोब केला, "बारा न बारा चोवीस सेकंद गेले. जाऊ दे." तिथं वही नव्हती, पेन नव्हता, या माणसानं उभ्या उभ्या सांगितलं.

बाकी पटापट झालं. क्लास वन मेडिकल, रेडिओचं लायसन, इंग्लिशची लेव्हल. कमीत कमी चार लागते, हिची पाच आहे, अन ही पोरगी सातवीपर्यंत आमच्याच मराठी शाळेत होती. सगळ्या कागदांची मिळून एकच पीडीएफ पाहिजे होती, पाच एमबीच्या आत, ते मात्र माझं काम, त्यात मला कोणी शिकवायचं नाही. आठला वीस कमी असताना सबमिट झालं. गुरुजींनी प्रिंटच्या दोन कॉप्या मागितल्या, एक फाईलला, एक खिशाला. मी पैसे नको म्हटलं तर टेबलावर पन्नासची नोट ठेवून म्हणे, "तुझं चुकलं त्याचे कापून घेजो." कापून घेतले नाहीत. काकांचा विमा तेवढा त्या दिवशी राहिला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भरला.

पाच आठवडे काहीच नाही. मग काल तिचा फोन. ऑनलाईन टेस्टला बोलावलं आहे, घरी रेंजचा तोच तमाशा, तुमच्याकडे बसू का म्हणे. मी विचारलं किती वाजता, ती म्हणे 1100 ला. मी मनातल्या मनात साडेपाच जोडले.

"साडेचारला ना? ये. चारपासून शटर अर्धं खाली."

टेस्ट परवा आहे. आज इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकलं.