वारीनंतरच्या गोळ्या

संत मुक्ताईंची पालखी ज्येष्ठात मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड करत महिन्याहून जास्त चालून पंढरपूरला पोचते. मी नवापूरकडची, मावची आदिवासी घरातली ख्रिस्ती. नर्सची नोकरी संपली आणि अमळनेरच्या मैत्रिणीबरोबर तिच्या दिंडीत निघाले. धर्म कुणी विचारला नाही, सगळ्यांची मी ‘सिस्टर माउली’. आमच्या उपासनेत नारायण वामन टिळकांची भजनं टाळावर म्हणतात, त्यामुळे पावली परकी वाटली नाही.

मुक्कामाला माझ्यापुढे पायांची रांग लागायची. जालन्याच्या अलीकडे एका मावशींच्या करंगळीखाली जखम दिसली, कडा काळी पडलेली. आत बारीक खडा रुतला होता. चिमट्यानं तो उपसून काढला तरी त्यांना कळलं नाही. साखरेनं पाय बधिर झाला होता. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, “एक दिनआड लेस माय, तवय महिनाभर पुरतस.” गावाजवळच्या आरोग्य केंद्रात गोळी फुकट मिळते, पण ती कधी असते, कधी नसते, आणि जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. आयुष्मान कार्ड? “मशीनवर मनं बोट उठत नही.” कापूस वेचून, निंदून ठसेच झिजलेले. चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

समजा कार्ड निघालं. त्यावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण मुख्यतः दाखल झाल्यावर. रोजची गोळी, तपासणी, दवाखान्याचं एसटीचं भाडं त्यात बसत नाही. म्हणजे पाय कापायची वेळ आली की मदत, पाय वाचवायला नाही. हे मला फार लागतं. वारीच्या वाटेवर तंबूतंबूत डॉक्टर फुकट तपासतात, त्यांचं मोल मोठं आहे. पण मावशींची साखर आषाढीनंतरही राहणार आहे.

यरुशलेमहून यरीहोला जाताना लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस आणि त्याला उचलणारा परक्या समाजातला शोमरोनी, ही येशूची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. प्रवचनात भर असतो तो जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतण्यावर. मला आता त्याचा दुसरा दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यानं उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि सांगितलं, याची काळजी घे, वर खर्च झाला तर परत येताना मी भरीन. पट्टी बांधून तो मोकळा झाला नाही, पुढचा खर्चही त्यानं अंगावर घेतला. तोही अनोळखी माणसाचा.

दुसऱ्या दिवशी मावशींना दिंडीच्या टेम्पोत बसवलं आणि जालन्यात डॉक्टरांना दाखवलं. नंतरच्या गोळ्यांचं काय, असं मी दिंडीप्रमुख अण्णांना विचारलं. ते म्हणाले, “भिशीत पैसे शिल्लक शेतस. गोळ्या दर महिन्याले आम्ही पोचाडसूत.” मी चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि मात्रा लिहून दिली, आणि खाली लिहिलं: रोज, दिवसाआड नाही.